तिचे शरीर नव्हे, त्याचे बूट तपासा

बलात्काराची बातमी आली की आठवडाभरात मोर्चा निघतो आणि मोर्चात एक घोषणा हमखास असते : फाशी द्या, भर चौकात फाशी द्या. आपल्यातल्याही काहीजणी ती देतात. राज्यकर्त्यांना ही घोषणा फार आवडते, कारण तिला खर्च येत नाही. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले, त्यात फाशीची तरतूद होती. त्याआधी २०१९ साली हैदराबादच्या प्रकरणात चार आरोपींना पोलिसांनीच गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ साली सांगितले की पोलिसांची चकमकीची कहाणी रचलेली होती. फुले उधळणारे तोवर घरी गेले होते.

फाशीच्या या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. गुन्हा दाखल झाल्यावर आरोपीचे कपडे आणि चपला कधी जप्त होतात आणि कशात भरून ठेवतात? मैत्रिणींनो, हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. म्हणजे धुळीबद्दल आहे, अगदी शब्दशः धुळीबद्दल.

फुलातल्या पुंकेसरांवरची भुकटी आपण सगळ्यांनी बोटाला लावून पाहिलेली असते. ते परागकण. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढा. झाडाझाडाचा कण वेगळ्या घडणीचा असतो. जास्वंदीचा आणि कापसाचा मोठा व काटेरी, निलगिरीचा तिकोनी, तर बाभळीचे सोळा कण एकत्र चिकटून त्यांची टिकली झालेली. सगळ्या गवतांचे कण मात्र जवळजवळ सारखे दिसतात, तिथे तज्ज्ञही हात टेकतात. या कणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की तीव्र आम्लातही ते विरघळत नाही. लाखो वर्षांपूर्वीच्या खडकात परागकण सापडतात ते यामुळेच. चालणाऱ्या माणसाच्या तळव्यांना, पायजम्याच्या काठाला, गुडघ्याला, केसांना हे कण चिकटतात. झटकून सगळे जात नाहीत, एकदा धुऊनही सगळे जातातच असे नाही. आणि ज्याच्या अंगावर ते बसतात त्याला पत्ताही नसतो. रक्ताचा डाग दिसला तर माणूस तो धुतो. न दिसणारी धूळ धुवायला कोण जातो?

१९५९ साली ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीकाठी एक माणूस बेपत्ता झाला. प्रेत सापडत नव्हते. संशयिताच्या बुटांवरचा चिखल व्हिएन्नातल्या क्लाउस नावाच्या परागतज्ज्ञाने पाहिला. त्यात आजच्या झाडांच्या कणांबरोबर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातला एक कण होता. असे मिश्रण त्या नदीकाठी एका छोट्या पट्ट्यातच शक्य होते. ते समोर ठेवल्यावर संशयिताने जागा दाखवली आणि तिथे प्रेत निघाले. (कबुली हा शब्द आपल्याकडे वाचला की अंगावर काटा येतो, कारण आपल्या ठाण्यांत ती कशी काढतात हे आपल्याला ठाऊक आहे. इथे मुद्दा वेगळा आहे : बोलते केले ते चिखलाने.)

आता आपल्याकडे या. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, आणि १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी लिहिलेल्या खुल्या पत्रातून देशभरच्या स्त्री-चळवळीला तोंड फुटले. हा इतिहास आपण शिबिराशिबिरातून सांगतो. त्यातली एक गोष्ट मात्र पुन्हा नीट पाहायला हवी. त्या खटल्यात पुरावा कुठे शोधला गेला? मथुरेच्या शरीरात. तिच्या अंगावर जखमा नाहीत, योनिपटल पूर्वीच फाटलेले आहे, दोन बोटे सहज जातात. जणू गुन्ह्याची जागा म्हणजे तीच. हा ‘दोन बोटांचा’ प्रकार त्यानंतरही चालूच राहिला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवला, २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचनांतून तो वगळला, आणि तरीही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा बजावून सांगावे लागले. आणि बलात्काराच्या आरोपीच्या वैद्यकीय तपासणीचे स्वतंत्र कलम कधी आले? २००५ च्या दुरुस्तीने! तोपर्यंत कायद्याला तिच्या शरीराची जेवढी उत्सुकता होती तेवढी त्याच्या शरीराची नव्हती, आणि त्याच्या चपलांची तर आजही नाही.

परागकणांचा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी. तो नजर फिरवतो. तो बाईला विचारत नाही की तू कुणाबरोबर फिरायचीस. तो पुरुषाला विचारतो, तू कुठे होतास?

न्यूझीलंडमधले एक प्रकरण तिथल्या हॉरोक्स आणि वॉल्श या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केले आहे. लैंगिक अत्याचाराची तक्रार होती. तक्रारीतली जागा एक बोळ. आरोपी म्हणत होता की आपण तिथे नव्हतोच, जवळच्या दुसऱ्या जागी होतो. दोन जागांत अंतर फक्त सात मीटर. म्हणजे आपल्या वाड्यातल्या ओट्यापासून परसातल्या न्हाणीपर्यंत. दोन्ही जागांची माती आणि आरोपीच्या कपड्यांवरची माती यांतले परागकण मोजले, तेव्हा कपड्यांवरचे प्रमाण बोळातल्या मातीशी जुळले. सात मीटरवरच्या मातीशी जुळले नाही. इथे कुणी तिच्या शरीरात बोटे घातली नाहीत, मातीच तपासली.

हे काम प्रयोगशाळेत कसे चालते तेही आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे. ‘सी.ए. रिपोर्ट’ नावाचा जो कागद खटल्यात येतो त्यापुढे आपण उगीचच दबून जातो. कपड्याचा ठरावीक भाग कोमट पाण्यात सौम्य शाम्पू घालून धुतात, ते पाणी गाळतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवतात. मग त्या गाळातून परागकण सोडून बाकी सगळे काढून टाकायचे. चुनखडी हायड्रोक्लोरिक आम्लाने जाते, कुजलेल्या पानांचा काळा अंश कॉस्टिक पोटॅशने, वाळू हायड्रोफ्लोरिक आम्लाने. शेवटी एर्डमन या स्वीडिश शास्त्रज्ञाची पद्धत : नऊ भाग ॲसिटिक अनहायड्राइड, एक भाग तीव्र गंधकाम्ल, आणि त्यात गाळ गरम करायचा. कणाच्या आतले मऊ द्रव्य आणि कापडाचे धागे जळून जातात, उरते ते नक्षीदार कवच. या मिश्रणात पाणी पडले तर ते उसळते, म्हणून आधी आणि नंतर पाण्याऐवजी ॲसिटिक आम्लानेच धुवावे लागते. हायड्रोफ्लोरिक आम्ल तर कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचते. त्यासाठी वायू खेचून घेणारे बंद कपाट, खास हातमोजे, उतारा म्हणून कॅल्शियमचा मलम जवळ हवा. वीज गेली की पंखा बंद आणि कपाटाचा उपयोग शून्य, अशा ठिकाणी हे काम कुणाकडून करून घेणे म्हणजे त्या कामगाराच्या जिवाशी खेळ आहे. प्रयोगशाळेचा साहाय्यक हाही कष्टकरीच असतो, हे आपण विसरता कामा नये.

त्यानंतर कण रंगवून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजतात, निदान दोनशे-तीनशे. हे मोजणे डोळ्यांचे आणि चिकाटीचे काम आहे. मात्र एखाद-दुसरा ओळखीचा कण सापडला म्हणून काही सिद्ध होत नाही. विदर्भात कुणाच्या पायजम्यावर कापसाचा कण नसेल? गोधडीचा एक तुकडा दहा घरांत सापडेल, पण कोणते तुकडे कोणत्या मापात एकमेकांशेजारी बसलेत ती अख्खी गोधडी एकाच घरची. तज्ज्ञ पाहतात ते हे. कापसाबरोबर बांधावरच्या बाभळीचे किती, तरोट्याचे किती, गाजरगवताचे किती. म्हणूनच तुलनेसाठी माती लागते : घटनेच्या जागेची अनेक ठिकाणांहून चिमूट-चिमूट घेतलेली, आरोपी जिथे होतो म्हणतो तिथली, त्याच्या अंगणातली आणि शेतातलीही. शिवाय जागेवर कोणती झाडे-झुडपे फुलात आहेत त्याची यादी. आठ-पंधरा दिवसांनी, पाऊस होऊन गेल्यावर किंवा शेत नांगरल्यावर घेतलेली माती बरेचदा वेगळेच सांगते.

म्हणजे प्रयोगशाळेतले काम कितीही कसबाचे असो, नमुना खरा तयार होतो किंवा मरतो तो पहिल्या दोन दिवसांत. आणि ते दोन दिवस हवालदाराच्या हातात असतात.

विदर्भातल्या एका तालुक्यात काम करताना मी पाहिलेले एक प्रकरण सांगते. वेचणीहून परतणारी शेतमजूर बाई. आरोपी त्याच शेतमालकाचा पुतण्या. त्याचे म्हणणे, मी त्या दिवशी तालुक्याला होतो, शेताकडे फिरकलोच नाही. बाईचे लुगडे ओले होते, दहिवराचे आणि चिखलाचे. ते तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली. आरोपीचे कपडे नवव्या दिवशी त्याच्या घरून जप्त झाले, धुऊन इस्त्री केलेले. (कुणी धुतले? त्याच्या आईने किंवा बायकोने. त्या बाईला कुणी विचारून धुणे टाकले असेल का? आपल्या गुन्हेगारांचे पुरावे धुण्याचे कामसुद्धा बायकांच्याच वाट्याला येते!) चपलांचे विचारले तर तपास अधिकारी हसले. म्हणाले, “ताई, चपला कशाला पाहिजेत? चपलेनं का बलात्कार केला?” शेजारचे दोघे शिपाईही हसले. पुढे मुद्देमाल न्यायालयात उघडला तेव्हा लुगड्यावर काळी बुरशी होती आणि वास असा की कारकुनाने नाकाला रुमाल लावला. पंचनाम्यात मातीचा उल्लेख नव्हता. आणि बचावाच्या वकिलाने काय विचारले? तिला आणि आरोपीला तपासणीसाठी एकाच जीपमधून नेले होते हे खरे ना? खरे होते. मग जीपमध्ये एकाच्या अंगावरची धूळ दुसऱ्याच्या अंगावर गेली नसेल कशावरून? प्रश्न अचूक होता. त्या वकिलाला धुळीचे शास्त्र पोलिसांपेक्षा जास्त कळत होते.

ओल्या कपड्याला प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते आणि ती परागकण खाते, रक्त-वीर्याचे डागही नासवते. कपडा बंद खोलीत, पंखा न लावता, स्वच्छ कागदावर सावलीत वाळवायचा. झटकायचा नाही. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत, उजवी चप्पल वेगळी, डावी वेगळी, आणि त्याचा व तिचा माल एकाच टेबलावर कधीही नाही. रक्त, वीर्य, डी.एन.ए. यांचे नमुने आधी घ्यायचे, कारण परागाची आम्ले ते सगळे नष्ट करतात. धुतलेल्या गाळाचा एक वाटा राखून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही तपासता येईल. यातल्या किती गोष्टींना परदेशी यंत्र लागते?

आणि नियम नाहीत असेही नाही. २०१४ च्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की बाईला मोठ्या कागदावर उभे करावे, अंगावरून पडणारे गवत, माती त्या कागदातच घडी घालून जपावी, कपडे वाळवून वेगवेगळ्या पिशव्यांत भरावेत. चांगला नियम आहे. किती ग्रामीण रुग्णालयांत तो मोठा कागद आहे, हे आपण जाऊन पाहिले आहे का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा अशी सक्ती आली आहे. मात्र ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे. फाशीच्या कायद्याला घाई, माती गोळा करण्याच्या कायद्याला सवलत.

आपल्याच बैठकीत एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारले की रक्ताचा अहवाल महिनोन्‌महिने येत नाही तिथे परागकण कुठले काढतेस? रास्त प्रश्न आहे. मी प्रत्येक जिल्ह्यात परागकणांची प्रयोगशाळा मागत नाही. पण हे ज्ञान देशात नाही असे कुणी म्हणू नये. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत परागकणांचा अभ्यास कित्येक वर्षे चालत आला आहे. मधातले परागकण पाहून मध कोणत्या फुलांचा ते सांगणारे शास्त्र पुण्याच्या मधमाशी संशोधन केंद्राला नवे नाही. दमेकऱ्यांसाठी डॉक्टर हवेतले परागकण मोजतात. मधाच्या बाटलीसाठी जे करता येते ते शेतमजूर बाईच्या लुगड्यासाठी का करता येऊ नये? कपडा नीट वाळवून ठेवला तर कण वर्षानुवर्षे टिकतात, प्रयोगशाळा उशिरा मिळाली तरी चालते. पिशवी मात्र त्याच दिवशी लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला स्वतःलाही छळतो. उद्या न्यायालये म्हणू लागतील की परागकण कुठे आहेत, नाहीत तर बाई खोटी. १९८३ साली भारवाडा प्रकरणात आणि १९९६ साली गुरमीत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की विश्वासार्ह असेल तर एकट्या स्त्रीची साक्ष पुरेशी आहे, तिला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागलाच पाहिजे असे नाही. ही जमीन आपण मोठ्या कष्टाने मिळवली आहे. परागकणांच्या मोहात ती एक इंचही सोडता कामा नये. कण सापडले नाहीत याचा अर्थ एवढाच की सापडले नाहीत. पाऊस पडला असेल, कपडे धुतले असतील, हवालदाराने चप्पल घेतलीच नसेल. तज्ज्ञाच्या अहवालातही ‘सिद्ध होते’ असा शब्द दिसला तर आपण सावध व्हावे. ‘या म्हणण्याला पुष्टी मिळते’ इतकेच हे शास्त्र बोलू शकते, आणि जे एवढेच बोलते तेच खरे शास्त्र.

परागकण संमतीबद्दल काही बोलत नाहीत. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचाच असतो. नवरा, दीर, शेजारी, मुकादम. घरातल्या घरात जिथे बलात्कार होतो तिथे तो कुठे होता हा वादच नसतो, तिथे हा पुरावा कुचकामी आहे. मग तो कुणाच्या कामाचा? जिला शेतात, बांधावर, उसात, वीटभट्टीमागे, रस्त्याच्या कडेला गाठले जाते तिच्या. मजूर, दलित, आदिवासी, भटक्या बायकांच्या. गावातला बडा माणूस ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणतो आणि चार प्रतिष्ठित साक्षीदार उभे करतो तेव्हा तिच्या बाजूने बोलायला कुणी नसते. बांधावरची बाभूळ कुणाच्या जातीची नसते आणि तिला कुणी दम देऊ शकत नाही. शिवाय एकदा ‘तिथे नव्हतो’ हे खोटे पडले की मग ‘तिची संमती होती’ ही दुसरी कहाणी घेऊन यायला तोंड राहत नाही. एक कहाणी बदलून दुसरी सांगणारा आरोपी न्यायाधीशाला दिसतो.

बोस्नियात १९९५ साली स्रेब्रेनिकाची कत्तल झाली. आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. गुन्हा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी प्रेते यंत्रांनी उकरून दुसरीकडे नेऊन पुरली. कोणती माती मुळात कोणत्या खड्ड्यातली हे शोधायला १९९७ पासून काही वर्षे परागकण आणि खनिजे तपासली गेली, आणि दुसरे खड्डे पहिल्या खड्ड्यांशी जोडता आले. त्या माणसांच्या आया-बायका वर्षानुवर्षे दारोदार विचारत होत्या की आमची माणसे कुठे आहेत. सत्तेने उकरलेली मातीसुद्धा बोलू शकते, फक्त ती जपणारे कुणीतरी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी बाई घेऊन ठाण्यात जाल तेव्हा फिर्यादीची प्रत मागता तसे आणखी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे तारखेसह लिहून घ्या. आरोपीचे कपडे आणि चपला कधी जप्त केल्या? कशात ठेवल्या? माती कुठून-कुठून घेतली? त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या; अर्ज घेतला नाही तर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. बाईला मात्र आधीच सांगून ठेवा की अंगावरचे कपडे धुऊ नकोस. आणि तिने धुतले असतील तर तिच्यावर रागावू नका, अंग धुवावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. ते कपडेही जमा करा.

पुढच्या अंकाआधी प्रत्येक गटाने आपापल्या तालुक्यातली मुद्देमालाची खोली एकदा पाहून यावी. आत शिरू दिले नाही तर तसेच कळवावे. छप्पर गळते का, उंदीर आहेत का, कागदी पिशव्या आहेत का, आणि एकाच पोत्यात किती गुन्ह्यांचे कपडे आहेत, एवढे पोस्टकार्डावर लिहिले तरी पुरे.